‘लायन किंग’च्या दुसऱ्या लेव्हलचा दोष मुलांच्या माथी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या निमित्ताने जुन्या संगणक गेमवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. नव्वदच्या दशकात वाढलेले आईबाप हौसेने मुलांना ‘लायन किंग’ खेळायला बसवतात आणि मुलं दहा मिनिटांत उठून जातात, यावरून ‘या पिढीला चिकाटी नाही’ असा निष्कर्ष लेखात काढला आहे. लेख छान उतरला आहे, पण निष्कर्ष पटला नाही. हा गेम मुळातच जाणूनबुजून अवघड केलेला होता, आणि आज बहुतेक घरांत तो ज्या तऱ्हेने चालवला जातो त्याने तो आणखी अवघड होतो. पहिल्या गोष्टीला इलाज नाही. दुसरीला आहे, आणि तो फुकटचा आहे, म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

डिस्नेचा ‘लायन किंग’ हा चित्रपट अमेरिकेत जून १९९४ मध्ये आला आणि गेम त्याच वर्षी डिसेंबरात, नाताळच्या बाजारासाठी. तो बनवला लास व्हेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजने आणि बाजारात आणला व्हर्जिन इंटरॅक्टिव्हने. वेस्टवुड म्हणजे पुढच्याच वर्षी ‘कमांड अँड कॉन्कर’ काढणारी मंडळी. धंद्यातली नवखी नव्हेत. त्याचा नायक सिंबा हा सिंहाचा छावा. त्याच्या हालचाली डिस्नेच्या चित्रकारांच्या रेखाटनांवरून घेतलेल्या आहेत, म्हणून छावा कड्याला लटकतो किंवा घसरून कोलांटी खातो तेव्हा आजही बघत राहावंसं वाटतं. एकूण दहा लेव्हल. पहिल्या सहांत सिंबा छावा असतो, शेवटच्या चारांत आयाळवाला सिंह. छाव्याकडे मुख्य शस्त्रं दोनच, उडी आणि एक केविलवाणी डरकाळी. मोठ्या सिंबाला पंजा मारता येतो आणि शत्रूला धरून भिरकावताही येतं. ही भिरकावण्याची गोष्ट लक्षात असू द्या, शेवटी तिच्याशीच गाठ आहे.

आता अवघडपणाचं मूळ. अमेरिकेत तेव्हा व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांतून गेमही भाड्याने मिळत. शनिवार-रविवारसाठी आणलेला गेम मुलाने त्या दोन दिवसांतच संपवला तर तो विकत कोण घेणार? वेस्टवुडचे सहसंस्थापक लुई कॅसल यांनी पुढे मुलाखतींतून उघडपणे सांगितलं आहे की भाड्याच्या मुदतीत गेम हातावेगळा होऊ नये असा डिस्नेचा आग्रह होता आणि म्हणून सुरुवातीचाच भाग, विशेषतः दुसरी लेव्हल, अवघड करण्यात आला. म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोरांसाठीच्या चित्रपटावरचा गेम, आणि त्याच्या दारातच पहारेकरी बसवलेला. आपल्याकडे हा गेम घराघरांत पोचला तो बहुतांशी डॉसवर (विंडोजच्या आधीची संगणकप्रणाली), मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून आलेल्या कॉपी केलेल्या सीड्यांमधून. भाड्याच्या दुकानाचा इथे काही संबंधच नव्हता. तरी अमेरिकी दुकानदारीचा हा भुर्दंड मिरज-अकोल्याच्या मुलांनी भरला. ‘आम्ही तेव्हा सहज संपवायचो’ असं सांगणाऱ्या पालकांपैकी किती जणांनी स्कार, म्हणजे शेवटच्या लेव्हलचा खलनायक, प्रत्यक्ष पाहिला होता, हा खासगीत विचारण्याचा प्रश्न आहे. त्या डॉस गेमची ओळख बहुतेकांच्या आठवणीत दुसऱ्या लेव्हलमधल्या माकडांपाशी थांबते.

तर ही दुसरी लेव्हल. रंग झकास, गाणं ओळखीचं, आणि जागोजागी मरण. जिराफांच्या डोक्यांवरून उड्या मारत पलीकडे जायचं असतं. डोक्यावर रेंगाळलात की गेलात. उडी आधी ठरवायची आणि पाय टेकताच पुढची घ्यायची. त्यानंतर झाडावरची माकडं. एक माकड सिंबाला शेपटीला धरून दुसऱ्याकडे फेकतं, दुसरं तिसऱ्याकडे, आणि तुम्ही पुन्हा जिथून निघालात तिथेच येऊन पडता. नवखा खेळाडू इथे गेम बिघडला आहे असं समजतो. युक्ती अशी की काही माकडांवर डरकाळी फोडली की ती तोंड फिरवतात आणि मग फेकण्याची दिशा बदलते. मात्र पडद्यावरची डरकाळीची पट्टी पूर्ण भरलेली हवी. अर्धवट भरलेल्या पट्टीने सिंबा तोंड उघडतो, आवाजही येतो, पण माकड ढिम्म राहतं. मुलं इथेच फसतात: डरकाळी फोडून पाहिली, काही झालं नाही, म्हणजे डरकाळीचा इथे उपयोग नाही असं त्यांना वाटतं आणि ती पुन्हा तो प्रयत्न करत नाहीत. त्यांना एवढंच सांगा की पट्टी भरू दे, मग माकडाकडे तोंड करून जवळून डरकाळी दे. फेकाफेकीचा मार्ग एकदा नुसता पाहायचा, कोणतं माकड उलट पाठवतं ते हेरायचं आणि मग त्यालाच फिरवायचं. पहिल्या लेव्हलमधल्या साळिंदरालाही हाच न्याय: आधी डरकाळी, ते उलटं पडलं की मग उडी. ते तिथे नीट शिकलं तर माकडांपाशी डोकं लवकर चालतं.

मध्येच शहामृगाची स्वारी येते. पडदा आपोआप पळतो, खालून अडथळा आला तर उडी, वरून लोंबणारं काही आलं तर वाकायचं, आणि काही ठिकाणी शहामृगाच्या उडीतून सिंबाने आणखी एक उडी घ्यायची. एक चूक, एक लाईफ. इथे डोळ्याने पाहून बोट हलवायला वेळ पुरत नाही. अडथळ्यांचा क्रम पाठ करावा लागतो. पाढ्यांसारखा मोठ्याने म्हणत गेलात तर लवकर बसतो, आणि दोघांनी मिळून खेळायचं असेल तर एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने खेळायचं हे उत्तम जमतं.

हे झालं गेमचं. आता आपण घालत असलेली भर.

हल्लीच्या ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालतच नाहीत, त्यासाठी ‘डॉसबॉक्स’ हा मोफत प्रोग्रॅम लागतो. गेमची जुनी सीडी असेल तर तिच्यातला गेमचा फोल्डर हार्ड डिस्कवर घ्या, फोल्डरचं नाव आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा, आणि तो फोल्डर डॉसबॉक्सच्या चिन्हावर ओढून सोडा. तो ‘सी’ ड्राइव्ह म्हणून जोडला जातो. पहिल्यांदा गेम नव्हे, सेटअप (आवाज वगैरे जुळवणारी फाइल) चालवा. आवाजासाठी साउंड ब्लास्टर (त्या काळचं साउंड कार्ड) निवडा, त्याचे आकडे असे: पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. डॉसबॉक्स मुळात याच आकड्यांवर असतो. पुष्कळ जुन्या सीड्यांमध्ये आयआरक्यू ५ भरून ठेवलेला सापडतो, कारण ज्या कोणाच्या मशीनवरून ती कॉपी झाली त्याचं कार्ड तसं होतं. मग संगीत वाजतं पण डरकाळीचा, उडीचा आवाज येत नाही, किंवा पहिल्याच आवाजाला गेम गोठतो. काही कॉप्यांमध्ये जागा वाचवायला सेटअपची फाइलच उडवलेली असते. तशी सीडी असेल तर तिच्या नादी लागू नका. गेमची अधिकृत डॉस आवृत्ती २०१६ मध्ये ‘गॉग’ या संकेतस्थळावर विक्रीला आली, ती डॉसबॉक्ससकट जुळवून दिलेली असते. फक्त तिच्या सेटिंग्ज गेमच्या स्वतःच्या फोल्डरातल्या फाइलमध्ये असतात, तेव्हा तुम्ही वेगळा बसवलेला डॉसबॉक्स कितीही बदललात तरी तिच्यावर परिणाम होत नाही.

वेगाची भानगड सर्वांत जास्त घरांत दिसते. डॉसबॉक्समध्ये वेग ‘सायकल्स’मध्ये मोजतात आणि खिडकीच्या वरच्या पट्टीवर तो आकडा दिसतो. तो आपोआपवर सोडला तर काही गेमना ३,००० सायकल्सच मिळतात, आणि ते या गेमला अपुरे आहेत. पडदा सरकताना झटके बसतात आणि कळ दाबल्यावर सिंबा विचार करून उडी मारतो. आकडा पक्का करा, २०,००० पासून सुरुवात करा. हा साधारण ४८६ जातीच्या मशीनचा वेग झाला, आणि गेम त्याच काळातला आहे. कंट्रोल आणि एफ १२ ने सायकल्स वाढतात, कंट्रोल आणि एफ ११ ने कमी होतात. लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागू शकतं. वाढवत नेताना आवाज फाटायला लागला की तुमचा लॅपटॉप दमला, दोन पायऱ्या खाली या. एक सावधगिरी: कंट्रोल आणि एफ ९ ने डॉसबॉक्स न विचारता बंद होतो. एफ ११ कडे जाणारं बोट तिथे पडलं तर सातव्या लेव्हलपर्यंतची मेहनत गेली, कारण या गेममध्ये सेव्ह नाही, पासवर्डही नाही.

चित्र पसरलेलं असतं हेही मुलांच्या मुळावर येतं. मूळ चित्र ३२० गुणिले २०० ठिपक्यांचं, पण ते चारास तीन प्रमाणाच्या जाड्या मॉनिटरवर भरून दिसायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला थोडा जास्त. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणलं की सिंबा डुकरासारखा दिसतो आणि उडीचं अंतर डोळ्याला चुकीचं वाटतं; कड्यापर्यंत पोचेल असं वाटणारी उडी अलीकडे पडते. डॉसबॉक्सच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘अ‍ॅस्पेक्ट’ समोर ‘ट्रू’ लिहा, ‘आउटपुट’ समोर ‘ओपनजीएल’. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. त्या तशाच राहू द्या, बाजूला काही लपलेलं नाही. आणखी एक बारीक गोष्ट: डॉसचं हे चित्र सेकंदाला ७० वेळा बदलतं आणि आपले बहुतेक पडदे ६० वेळा. धावताना जो हलका हिसका जाणवतो तो यातून येतो. ७५ किंवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर कमी होतो, नसेल तर डोळ्यांना सवय होते.

मोठ्या टीव्हीला जोडून खेळणाऱ्यांची अडचण वेगळी. टीव्ही चित्र ‘सुंदर’ करण्यात वेळ घालवतो. टीव्हीवरची एक चौकट (एक चित्र) साधारण १६ ते १७ मिलिसेकंदांची, आणि चित्रावर प्रक्रिया करणारा टीव्ही सहज ५० ते १०० मिलिसेकंद खातो. म्हणजे कळ दाबल्यापासून तीन ते सहा चौकटींनी सिंबा हलतो. शहामृगावर बसलेल्या मुलाला तेवढ्यात तीन वेळा मरता येतं. टीव्हीच्या मेनूत ‘गेम मोड’ असतो, तो ज्या एचडीएमआय खोबणीत लॅपटॉप जोडला आहे तिच्यासाठीच सुरू करावा लागतो. ब्लूटूथ कंट्रोलरऐवजी वायरचा घ्या. तो डॉसबॉक्स सुरू करण्याआधी जोडा, नंतर जोडलेला त्याला दिसत नाही. सिंबा आपोआप एका बाजूला चालत सुटला तर सेटिंग्जमध्ये जॉयस्टिकखालचं ‘टाइम्ड’ ‘फॉल्स’ करून पाहा.

कीबोर्डवर खेळत असाल तर स्वस्त कीबोर्डची खोड माहीत हवी. बाण, दुसरा बाण आणि उडीची कळ अशा तीन कळा एकदम दाबल्या की त्यातली एक तो गिळतो. मूल ओरडतं, ‘मी दाबलं होतं!’ आणि ते खरं असतं. कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट या कळांची जोडणी सहसा वेगळी असल्याने त्या गिळल्या जात नाहीत. कंट्रोल आणि एफ १ ने डॉसबॉक्समध्ये कळांची मांडणी उघडते, तिथे उडी त्यांपैकी एकीवर द्या. शिफ्ट निवडलीत तर आधी विंडोजचं ‘स्टिकी कीज’ बंद करा, नाहीतर पाचव्या उडीला गेमवर चौकोन येऊन बसतो.

ज्यांना एवढी खटपट नको त्यांच्यासाठी सरळ रस्ता आहे. ‘अलादीन’ आणि ‘लायन किंग’ यांचा एकत्र संच डिजिटल एक्लिप्सने २०१९ मध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, स्विच आणि विंडोजसाठी काढला, २०२१ मध्ये त्यात ‘जंगल बुक’चीही भर पडली. यात सेगा, सुपर निंटेंडो आणि गेम बॉय या त्या काळच्या गेमयंत्रांवरच्या आवृत्त्या मिळतात. आपल्या ओळखीची डॉसची मिळत नाही. पण यात हवं तिथे सेव्ह करता येतं, काही क्षण मागे जाता येतं आणि गेम स्वतःच खेळताना पाहून मध्येच सूत्रं हाती घेता येतात. माकडांचं कोडं एकदा असं पाहिलं की मूल पुढच्या वेळी स्वतः सोडवतं. याला ‘चीटिंग’ म्हणणारे पालक भेटतात. माझ्या मते, ज्या अडथळ्याचा हेतूच दुकानाचा गल्ला राखणं हा होता तो ओलांडायला मागे जाण्याचं बटण वापरलं तर काही बिघडत नाही. सुपर निंटेंडोच्या आवृत्तीत तर मुळातच चोरवाट आहे: ऑप्शन्सच्या पडद्यावर बी, ए, आर, आर, वाय दाबलं की हवी ती लेव्हल निवडता येते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर मात्र अक्षरं पाहू नका. निंटेंडोचं बी खाली आणि ए उजवीकडे असतं, एक्सबॉक्सवर नेमकं उलट. वायचंही तसंच, ते निंटेंडोवर डावीकडे.

संगीतासाठी मी सुपर निंटेंडोच्या बाजूने आहे, त्यात वाद्यांचे खरे नमुने वाजतात. सेगाचा आवाज थोडा पत्र्याचा. डॉसवर अ‍ॅडलिब या जुन्या साउंड कार्डाच्या चिपचं संगीत आहे आणि ते ऐकून ज्यांचं बालपण जागं होतं त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

सीडी शोधणाऱ्यांनी एक घोटाळा टाळावा. ‘लायन किंग’ नावाची आणखी एक सीडी जुन्या सामानात सापडते, ती ‘अ‍ॅनिमेटेड स्टोरीबुक’. तो हा गेम नव्हे. ते विंडोज ३.१ वरचं चित्रांचं गोष्टीचं पुस्तक आहे आणि १६ बिटचं असल्याने आजच्या विंडोजवर उघडतच नाही. १९९४ च्या नाताळात ते अमेरिकेत बऱ्याच कॉम्पॅक प्रेसारिओ संगणकांवर कोसळलं, कारण त्यांच्या चित्रकार्डाच्या ड्रायव्हरशी त्याचं जुळलं नाही. या फजितीतून मायक्रोसॉफ्टला विंडोजवर गेम चालवण्याची नीट व्यवस्था करण्याची निकड पटली आणि पुढे डायरेक्टएक्स आलं. टीव्ही गेमच्या कॅसेटवरचं ‘लायन किंग’ हेही वेगळंच प्रकरण, ते आठ बिटचं. त्याच्याशी तुलना करू नये.

दुसऱ्या लेव्हलच्या पुढे काय? हत्तींच्या स्मशानात तरसांना दम लागेपर्यंत पळवायचं, धापा टाकायला लागले की वर उडी. चौथ्यात वाइल्डबीस्टचा कळप पाठीमागून आपल्या दिशेने येतो. सिंबाकडे पाहायचं सोडून त्याच्या मागच्या रांगांकडे पाहा. सहाव्यातला धबधबा म्हणजे दुसऱ्या लेव्हलचा मोठा भाऊ. ओंडके खाली वाहत येतात आणि आपण वर चढायचं, त्यामुळे ओंडक्यावर उभं राहून विचार करायची सोय नाही. नवव्यातल्या गुहा सगळ्या एकसारख्या दिसतात. कागद-पेन्सिल घ्या आणि कुठल्या तोंडातून कुठे निघालात ते लिहीत जा.

आणि दहाव्या लेव्हलला स्कार. इथे आलेले खेळाडू त्याला पंजे मारून मारून थकतात आणि तो काही मरत नाही. त्याला मारायचंच नसतं. प्राइड रॉक या कड्याच्या टोकापर्यंत त्याला गाठायचं, पंजांनी दमवायचं, आपली पाठ कड्याकडे येईल असं उभं राहायचं आणि जवळ येताच धरून भिरकावायचं. तो चित्रपटातल्यासारखाच कड्यावरून खाली जातो. भिरकावणं ही मोठ्या सिंबाची वेगळी चाल आहे आणि ती सातव्या लेव्हलपासूनच समोर येणाऱ्या शत्रूंवर गिरवून ठेवावी, कारण इथे येऊन ती शोधत बसायला स्कार वेळ देत नाही.

पुरवणीत यापुढे एखाद्या जुन्या गेमवर लेख आला तर सोबत कोणत्या यंत्रावरची आवृत्ती, ती आज कुठे मिळते आणि कोणत्या सेटिंग्जवर चालते एवढी चौकट छापावी, ही विनंती. या लेखात मजकूर डॉसच्या गेमबद्दल आहे आणि सोबतचं चित्र सेगाच्या आवृत्तीचं, त्यामुळे वाचक तेच शोधत बसतील.

आपला,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, मिरज